गाळण्याचं मागचं दार

इस्पितळातून अकराव्या दिवशी घरी आले, तेव्हा कपाटाचं कुलूप तुटलेलं होतं आणि माझ्या एकोणीस वह्यांपैकी दोन गायब होत्या. घराचं दार शाबूत होतं. किल्ली मी कुंड्यांना पाणी घालायला धाकट्या भावाकडे दिली होती. कुंड्या वाळल्या आहेत. म्हणून हे मृत्युपत्र.

वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. आणून पाहावं.

१. वह्यांत काय आहे ते आधी सांगते, नाहीतर वकील रद्दी समजतील. माणूस संपल्यावर दोन कोटी वर्षांनी नदीत कोण राहील, याचा विचार मी बत्तीस वर्षं केला. त्यातून गाळण्या झाला: चिचुंद्रीच्या वंशातला, काठाखाली बीळ करणारा, मिशांच्या फणीतून गाळ गाळून किडे खाणारा. डोळे नाहीत, गढूळ पाण्यात त्यांचा उपयोग नाही.

२. भावाने त्यावर याआधीच स्वतःच्या नावाने एक पुस्तक काढलं आहे. मुखपृष्ठावर गाळण्याला टपोरे डोळे होते, माझं नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर हसला. "ताई, डोळ्यांशिवाय पुस्तक खपत नाही. आणि गाळण्याच्या पुस्तकात नाव गाळलं गेलं, तर एवढं काय!" या कोटीवर जेवायला बसलेली सगळी पंगत हसली. मी वाढत राहिले. त्याची अजून लाज वाटते.

३. राहती जागा आणि उरलेल्या सतरा वह्या भाचीला, म्हणजे याच भावाच्या मुलीला. नऊ वर्षांची असताना बिळाचं चित्र पाहून तिने विचारलं होतं, "आत्या, पूर आला तर हा बाहेर कुठून पडणार?" बिळाला एकच तोंड होतं. तिसऱ्या वहीत मी उंचावर मागचं दार काढलं आणि शेजारी लिहिलं: दुरुस्ती भाचीची. श्रेय द्यायला एक ओळ पुरते.

४. सूक्ष्मदर्शक शाळेला. मुख्याध्यापकांच्या खोलीत शोभेला ठेवणार असतील, तर देऊ नये.

५. वहिनीला शिवणयंत्र. इस्पितळात ती रोज डबा घेऊन आली. कुलपाचं तिला ठाऊक नसावं, असं मी धरून चालते.

६. भावाला वही पहिली आणि दुसरी. त्याने आधीच नेल्या आहेत, तेव्हा पोचवण्याचा त्रास नाही. पुस्तकाचा दुसरा भाग बिळावर आहे, असं तो सांगत फिरतो. त्या वह्यांतला गाळण्या पहिल्याच पुरात कोंडून मरतो, पिल्लांसकट. वह्या परत मागू नयेत.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल. दिनांक: ९ मार्च.
लिहून देणार: (सही)
साक्षीदार: तळमजल्यावरचे शिंपीकाका (सही), कॉलेजातली मैत्रीण, निवृत्त ग्रंथपाल (सही)

पोच: वही क्रमांक तीन ते एकोणीस, आणि मातीचा गाळण्या एक, बिनडोळ्यांचा, आजच भाचीच्या ताब्यात दिले. तिने तपासून घेतले. (सही, भाची)

सही करताना तिने विचारलं, "आत्या, बाबांकडच्या वह्यांत मागचं दार नाहीये. सांगू त्यांना?"

माझं उत्तर याच कागदावर नोंदवते: त्याने विचारलं, तर सांग.