केशरचा खांदा

तलवाडा,
कार्तिक वद्य पंचमी, फसली १३२५

चि. सौ. केशर हिस सत्यभामेचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आत्याबाईंचा खोकला उतरला. शाळू गुडघ्याला लागलाय. तांबडी व्याली, कालवड झाली. नांदूरघाटाला पाऊस कसा झाला ते कळव. तुझ्या भावाला, बंकटभाऊंना नमस्कार. पत्र तेच तुला वाचून दाखवणार, तर माझ्या वेड्यावाकड्या मोडीला त्यांनी हसू नये. वडिलांनी हौसेनं शिकवली होती. आता अक्षर बिघडलंय ते वेगळ्या कारणानं.

माझा उजवा खांदा धरलाय. चार महिने झाले. वेणी घालायला हात मागं जात नाही. शेजारची साखराबाई घालून देते आणि रोज एक नवं नाव ठेवते. चार ओळी लिहायच्या, मग हात उशीवर टेकून बसायचं, असं तीन दिवस या पत्राचं चाललंय.

आधी मी काय केलं असेल? माझा स्वभाव तुला ठाऊक. दुखतंय म्हणून दुप्पट दळलं, दुखण्याची जिरवायला निघाले. खांदा सुजला. मग रागानं महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवला, तर तो लाकूडच झाला. आमच्या मालकांना शेतातून सवड नाही, म्हणून राधाकिशन भावजींनी दमणीला बैल जुंपले आणि मला बीडला हकीमसाहेबांकडे नेलं. हात पाहून म्हातारा हसला. म्हणाला, "क्या बाई, पहले इसको बैल समझे, बाद में खुंटा समझे. खांदा समझो ना!"

आता रोज सकाळी एरंडाच्या पानांचा शेक. मग भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा. ताण लागला की थांबायचं, कळ येईपर्यंत रेटायचं नाही. पाच वेळा, की बस. नंतर स्वस्थ पडायचं. दळण थोडं, तेही थांबून थांबून. भर दिवसा आडवं पडायची मला लाज वाटते. आणि पडलं की तूच आठवतेस.

आपण दोघी जावा जात्याच्या एकाच खुंट्याला हात घालून बसायचो. तुला मधेच हसू यायचं आणि ओवी अर्धी राहायची. मी रागवायचे. आता समोरची जागा रिकामी आहे आणि रागवायला कुणी नाही. केशर, मला तुझी फार आठवण येते.

हकीमांकडून उठताना मी विचारलं, "तीन वर्षं वर न गेलेला हात उघडतो का?" त्यांनी विचारलं, "किसका?" मी भावजींकडे पाहिलं. ते दाराबाहेर बघत होते. हकीम म्हणाले, "खुलेगा. आहिस्ता. लेको आव."

तर आता खरं लिहिते. बंकटभाऊ, इथून पुढचं मोठ्यानं वाचा. तुमच्या आईंना बोलवा, शेजारणींनाही बोलवा. मी बोलले ते चार बायकांत बोलले होते.

ननंदेच्या लग्नाचं दळण होतं. केशर म्हणाली, "अक्का, खांदा लई दुखतोय, आठ दिस दम खाऊ द्या." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दुखत न्हाई काई, बहाणा हाय." आणि तिचा हात ओढून खुंट्यावर ठेवला. ओढताना तिच्या खांद्यात काहीतरी कट्कन सरकलं. ते माझ्या हाताला कळलं. ती पांढरी पडलेलीही दिसली. तरी मी जात्याला फेरा दिला. पुढं तिचा हात वर जाईना, तेव्हा आत्याबाईंनी मला एकटीला विचारलं, "खरंच लागलं का गं तिला?" मी म्हणाले, "न्हाई." त्या एका शब्दावर तिला कामचुकार म्हणून माहेरी धाडली, आणि त्याच शब्दावर भावजींना बायको आणायला जाऊ दिलं नाही.

का केलं? घरात तिचं कौतुक माझ्याहून जास्त व्हायचं. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आठ दिवसांपूर्वी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कावून सांगितलं न्हाईस तव्हाच? माझ्या लेकाचा संसार मोडलास की." तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. बरोबरच आहे.

केशर, मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी आम्ही दमणी घेऊन नांदूरघाटाला येतो. भावजी हाकतील. आत्याबाईंनी त्यांच्यासाठी दोन स्थळं आणली होती, दोन्ही वेळा ते शेतावर जाऊन बसले. ते तुला हकीमांकडे नेतील. तिथून तलवाड्याला यायचं की परत माहेरी जायचं, ते तू म्हणशील तसं. तसा शब्द मी त्यांच्याकडून घेतलाय. मी गाडीत असेन. माझं तोंड पाहायचं नसेल तर दारातूनच सांग. मी वेशीपाशी उतरून बसेन, तुम्ही दोघं निघा. माझ्या परतीचं मी पाहीन.

तुला पुन्हा जात्याला हात लावू देणार नाही, असंही लिहिणार होते. पण ती लाच झाली असती.

खाली 'तुझी अक्का' लिहायला गेले आणि थांबले. ते म्हणायचं की नाही, हे तू ठरवायचंस. म्हणून नुसतं नाव लिहिते.

सत्यभामा