एक दार, एक पाटी

प्रिय फौजदार,

बाबांनी ठेवलेल्या नावाने हाक मारते आहे, कारण या पत्राच्या शेवटी तुझी परवानगी मागायची आहे. तू लगेच शेवट वाचायला जाशील, मी ओळखून आहे. जाऊ नकोस. हे फोनवर सांगणार होते, पण तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याच्या गप्पा मारत बसते. तुझं उत्तर येईपर्यंत नगरपालिकेला थांबवून ठेवलं आहे, एवढं आत्ता पुरे.

तर आपला रस्ता एकदाचा खणला. दुकानांच्या पायरीशी माणूसभर खोल चर. मी फळीवरून तोल सांभाळत आत शिरायचे, पण गिऱ्हाइकाने ही सर्कस का करावी? बाकीच्यांनी मागच्या गल्लीतली दारं उघडली. आपल्या दुकानाला मागे दारच नाही, ते आहे शेजारच्या घड्याळवाल्यांना. पालिकेने गल्लीत ‘शिवणकाम इकडे’ असा बाण ठोकला, आणि ठोकणाऱ्याने तो नेमका त्यांच्या दारावर रोखला. ते बिचारे डोळ्याला भिंग लावून चिमट्यात एवढासा स्क्रू धरून बसलेले, आणि समोर बेकरीवाली नवऱ्याची पॅन्ट फडकावत विचारते आहे, “कंबर सैल करून मिळेल ना?” शेवटी त्यांनी भिंतीवर टकटक केली. माझ्या कापडाच्या कपाटामागे दोन दुकानांमधलं जुनं दार आहे, आठवतं? तुझ्या जन्मापासून ते बंदच होतं. कपाट सरकवलं, गंजलेल्या कडीला शिवणयंत्राचं तेल पाजलं आणि उघडलं.

तेव्हापासून माझी गिऱ्हाइकं त्यांच्या दुकानातून येतात. कपडे टाकायला आलेली माणसं जाताना बंद पडलेली घड्याळं देऊन जातात, आणि घड्याळ न्यायला आलेल्यांना अचानक आठवतं की कोटाचं अस्तर फाटलं आहे. चहा एकाच किटलीत होतो. तू त्यांना खडूस म्हणायचीस, तुझा चेंडू त्यांच्या काचेवर आपटायचा म्हणून. अगं, खडूस कसले, नुसते बुजरे आहेत. एकदा बोलायला लागले की हसून हसून माझी शिवण वाकडी जाते. परवा उसवून पुन्हा घालावी लागली.

आता पाटीचं. पालिकेने ठरवलं की नव्या फुटपाथवर पुढे आलेली एकही पाटी नको, सगळ्या भिंतीला चिकटून, एका मापाच्या. म्हणजे बाबांनी रंगवलेली आपली पाटीही उतरवायची. मी सभेत उभी राहून तावातावाने बोलले. तू असतीस तर शिट्टी वाजवली असतीस. नियम नियमच राहिला, पण टाळ्या मलाच पडल्या. पाटी उतरवली तेव्हा शिडी घड्याळवाल्यांनी धरली होती. पाटीवर बाबांनी काढलेल्या मापाच्या टेपमध्ये सातनंतर एकदम नऊ आहे, आणि त्यावरून लोक माझी किती टिंगल करतात हे तुला सांगायला नकोच. हे गृहस्थ इतकी वर्षं समोर पाहूनही एक शब्द बोलले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, “ज्याने इतक्या मायेने काढली, त्याची चूक काढणारा मी कोण?” मी शिडीवरच रडले, आणि मग मला हसूही आलं.

मागच्या आठवड्यात रस्ता पूर्ण झाला. काय देखणा झाला आहे, सपाट, रुंद, बसायला बाक. पाट्यांचे साहेब तपासणीला आले, मधलं दार पाहिलं आणि म्हणाले, आतून दार असेल तर हे एकच दुकान, त्याला पाटीही एकच. दोन पाट्या हव्यात तर दार विटांनी बुजवा. विचार करून कळवा. मी यांच्याकडे पाहिलं. हे आधीच दुरुस्त झालेलं घड्याळ पुन्हा उघडून बसले होते.

साहेब गेल्यावर यांनी पहिलं काय विचारलं, तर बाबांची पाटी कुठे लावायची. मग स्वतःच मधल्या दारावरची जागा दाखवली, दोन्हीकडून येता-जाता दिसेल अशी. आणि त्यानंतर, भिंग डोळ्यावरून काढायला विसरून, लग्नाचं विचारलं. माझं मन हो म्हणतं आहे, बाळा. बाबा गेल्यावर, या वयात इतकं हसायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण तुझ्या मनात जे येईल ते खरंखरं लिही, माझं मन राखायला नको. आणि ते दार उघडं राहिलेलं तुला चालणार असेल, तर रंग आणि ब्रश घेऊन ये. नवी पाटी कोरी ठेवली आहे, त्यावरची अक्षरं तुझ्याच हातची हवीत. एका कोपऱ्यात टेपही काढ, आणि आठचा आकडा तेवढा गाळ.

वाट पाहणारी, तुझीच
आई