देवाच्या कपाटाची किल्ली

सोम. ३ नोव्हें.
आन म्हनं म्या, शालननं, घात केला. सहा वर्षं झाली ह्या चादरीच्या कारखान्यात, नवाला येऊन झाडायचं, देवापुढं दिवा लावायचा, मग कंप्युटर चालू करून आलेलं समदं मेल छापून अण्णांच्या टेबलावर ठेवायचं. मालक म्हातारे, स्क्रीनवर वाचत न्हाईत, दहाच्या आत कागद पायजे. मला इंग्रजी येत न्हाय हे सगळ्या भवानी पेठेला ठाव. म्यानेजरनंच शिकवलं. पाकिटाची खूण दाब, पिनेची खूण दिसली की ती दाब, काय विचारलं तर यस. तेच केलं. आज एक कागद छापंना. परत दाबलं. विचारलं तवा यस.
अकराला तिन्ही कंप्युटरवर लाल अक्षरं. पैसे टाका तर उघडू, आसं लिवलंय म्हनं. चादरींच्या नक्ष्या, गिऱ्हाइकांचे पत्ते, समदं बंद.
म्यानेजर चौघांदेखत म्हनला, "अडाणी बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय व्हनार."
दिलं कुनी?

मंगळ. ४
नक्षी निघंना, माग गप. कामगार कट्ट्यावर बसून माझ्याकडं बघायलेत. एक म्हनली, मावशी, आज आमालाबी छापून दे की सुट्टी. हसले समदे. डबा तसाच परत आनला.
घरी सांगितलं न्हाय. ह्यांचा पाय गेल्यापास्नं चूल माझ्याच पगारावर. सांगून तरी काय...

बुध. ५
पुन्याची इंजिनियर आली. पोरगी, माझ्या लेकीएवढी. तिनं मला खुर्चीत बसवून विचारलं, कंचं मेल, काय दिसलं, कितींदा दाबलं. रागावली न्हाय. म्हनली, असली मेलं ढिगानं येतेत, बिलाचं सोंग घेऊन, आत कीड. ती वाटेतच अडवायची सोय आसती, ती हितं केलीच न्हाय. आन अनोळखी मेल आलं तर उघडायच्या आधी फोन करून विचारायचं.
"मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"
न्हाय म्हनलं. म्यानेजर खिडकीतून रस्ता बघत हुता.
नक्कल ठेवायची डिस्क कायम मशीनलाच लावलेली, तीबी गेली. जाताना बजावलं, सोमवारी चांगलं मशीन घेऊन येते, तवर ह्या मशीनांना काय बी लावू नका, लावलं की तेबी जाईल.

गुरू. ६
दिवा लावताना देवाच्या कपाटात, फोटोमागं, हळदीकुंकवानं माखलेली जुनी डिस्क. खंडेनवमीला कात्र्या-पान्यांसंगं पूजेला मांडली हुती. आमच्या घरी हे देव न्हाईत, पर हितली मांडामांड माझ्याकडंच. पूजा झाल्यावर म्यानेजर म्हनला हुता, ऱ्हाऊ दे तितंच, नवी आनलीय. म्हंजी खंडेनवमीपतोरच्या समद्या नक्ष्या हिच्यात.
पळत जाऊन म्यानेजरला सांगितलं. मूर्ख मी.
"आण हिकडं, लावून बघतो."
पोरीनं काय सांगितलं, म्हनलं.
"तू मला शिकवणार?"
डिस्क परत ठेवली, कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला.

शुक्र. ७
म्यानेजरनं अण्णांना फोन केला, शालन डिस्क दाबून बसलीय. मला म्हनला, उद्या किल्ली न्हाय दिली तर चोरीची तक्रार. सहा वर्षांत टाचणी उचलली न्हाय मी.
अण्णा तापानं घरीच. संध्याकाळी मीच त्यांच्या घरी गेले. पायरीवरच उभी ऱ्हायले, आत बोलवलं तरी.
"शालनबाई, गिऱ्हाईक थांबत नाही. देऊन टाका."
"अण्णा, आता तेवढी एकच ऱ्हायलीय."
अण्णा म्हनले, बघू.
बघू ह्या शब्दावर घर चालत न्हाय. घरून कागद लिवून नेला हुता, तो त्यांच्या हातात दिला. हितं उतरून ठेवते, उद्या कुनी न्हाय म्हनायला नगं:

अण्णा, डिस्क त्या किडक्या मशीनला लावायची आसंल तर सोता या, किल्ली घ्या आन तुमच्या हातानं लावा. सोमवारपतोर थांबायचं आसंल तर तसं लिवून द्या. दिसंल ते मेल उघडायचा नियम कुनाचा, तेबी लिवा. आन मी कामावर हाय का न्हाय, ते उद्या शनिवारी सकाळी नवाला, दिवा लावायच्या आत सांगा.