उतरलेली पट्टी

शिकागो,
३ फेब्रुवारी १९४१

ती. बर्डीमावशीस,
ओडेसाचा सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, ऑपरेशन पार पडलं. घशातल्या गाठी काढल्या. मी ठणठणीत आहे, फक्त मुकी आहे. डॉक्टर सांगतील तोवर एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पाटी घेऊन फिरते. काल घरमालकीणबाईंशी गरम पाण्यावरून भांडले, तेही खडूनं. निम्म्यात खडू मोडला आणि त्या जिंकल्या. या पोरीचं तोंड कधी मिटेल, असं तू म्हणायचीस ना? घे, मिटलं!

आमच्या बँडचे मालक स्टोक्ससाहेब द्राक्षं घेऊन आले होते. जाता जाता म्हणाले की, माझ्या जागी गायला एक मुलगी घेतली आहे, तात्पुरती. मावशी, तात्पुरती म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मीही तात्पुरतीच आले होते. आपल्या टॉलिव्हरबाईंचा मुलगा ऑर्विल, आमचा पियानोवाला, रोज डोकावतो. ती मुलगी कशी गाते विचारलं, तर बूट बघत बसला. म्हणजे चांगली गाते.

आवाज परत आला नाही तर मी काय करू गं? मला दुसरं येतंय काय? तू शिकवलेली वेणीसुद्धा धड येत नाही.

लोभ आहे तेवढा ठेव, बोलणी जरा कमी कर.

तुझी,
ओडेसा

कॅन्सस सिटी,
९ फेब्रुवारी १९४१

चि. ओडेसा हिस,
मावशीचे अ. आ.

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली. केस सरळ करायची तापलेली फणी डोक्यात असताना गिऱ्हाईकबाई खडूचं ऐकून हसत सुटल्या आणि कानाला चटका बसला. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. एक तू मुकी, एक त्या.

मध-लिंबू घे, आणि ते बर्फाचं पाणी ढोसणं बंद कर. मी पहिल्यापासून सांगत आले, तुझा गळा तिथला नव्हेच. आपल्या घरात एवढ्या वर कोण गायलंय? मी चर्चमध्ये खालच्या पट्टीत, तुझी आई जोसी माझ्याहून खाली. स्टोक्सला चिमणी हवी होती, तू चिमणी झालीस. माझं ऐकतंय कोण!

दुकानातली खिडकीजवळची कामाची खुर्ची रिकामी आहे. चर्चच्या गायकमंडळात माझ्या शेजारची जागाही. ये असं मी म्हणत नाही. रिकामी आहे, एवढंच कळवते. टॉलिव्हरबाईंनी पीचचा मुरंबा पाठवलाय. निम्मा ऑर्विलला दे, नाहीतर त्या माझं डोकं खातील.

प्रेम आहेच. जपून राहा, म्हणजे ते सुखानं करता येईल.

तुझी,
बर्डीमावशी

शिकागो,
१७ मार्च १९४१

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी एकदाची बोलायला परवानगी दिली. काल रविवारी पहिला फोन तुला केला. नुसती हाक मारली, तोच लाइन तुटली! परत परत लावला, कोणी उचललाच नाही. माझ्यावर रागावली नाहीस ना?

खरं सांगते. आवाज आलाय, पण खाली उतरलाय. वरची टीप लागतच नाही. आमची सगळी गाणी कागदावर, माझ्या जुन्या उंच पट्टीत लिहिलेली. पट्टी बदलायची तर बँडमधल्या प्रत्येकाचा कागद नव्यानं लिहायला हवा. स्टोक्ससाहेब एका गायिकेसाठी तेवढं कशाला करतील? ती मुलगी त्याच पट्टीत आरामात गाते. शनिवारच्या तालमीत ते आम्हा दोघींना ऐकणार आणि एकीला ठेवणार.

मी कोणाला बोलले नाही, ऑर्विललासुद्धा नाही. ओढूनताणून वर जाईन म्हणते. डॉक्टर म्हणतात, तसं केलंस तर आवाज कायमचा जाईल. पण नाही केलं तर जागा जाईल. फार भीती वाटतेय गं.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
ओडेसा

शिकागो,
२३ मार्च १९४१

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: मी राहिले!

आता सविस्तर. ती मुलगी आधी गायली, अगदी स्वच्छ. मग मी उभी राहिले. ऑर्विलनं सुरुवात वाजवली. तो कागदातल्या पट्टीत वाजवतच नव्हता! पार खाली उतरला होता. ट्रंपेटवाले गोंधळून थांबले. स्टोक्ससाहेबांनी स्टँडवर काठी आपटली. पियानोवरचा हा बाबा वर बघेचना. माझा सूर तिथे आयता मांडून ठेवलेला. मी गायले. डोळे मिटून गायले मावशी, कुठेही ओढलं नाही.

सॅक्सोफोनवाले तर आपल्याच गावचे. त्यांनी कागद सरळ उलटे घातले आणि तिथल्या बाराव्या रस्त्यावरच्या क्लबांत वाजवायचे तसे नुसत्या कानावर मागून साथीला आले. गाणं संपलं तेव्हा स्टोक्ससाहेबांनी काठी खाली ठेवली. इतके दिवस ही बाई कुठे लपवली होती, म्हणून ते माझ्यावरच खेकसले. मग सगळे कागद नव्यानं लिहायला सांगितले. ती मुलगी डेट्रॉइटच्या बँडकडे निघालीय, जाताना मला मिठी मारून गेली. मला रात्री केवढी झोप लागली!

ऑर्विलला कसं कळलं ते मात्र सांगत नाही. घरी विचार म्हणतो आणि मुरंबा चाटत बसतो.

तुझी, आज फारच तुझी,
ओडेसा

कॅन्सस सिटी,
२७ मार्च १९४१

चि. ओडेसा हिस,
मावशीचे अ. आ.

पत्र वाचलं आणि त्या खिडकीजवळच्या खुर्चीतच बसकण मारली. रडले. मग गिऱ्हाइकांवर ओरडले. आता बरं वाटतंय.

ऑर्विल दर सोमवारी माझ्या दुकानातल्या फोनवर आईशी बोलतो. तुझ्या तालमीच्या आधीच्या सोमवारी मी टॉलिव्हरबाईंच्या हातातून फोन हिसकावून घेतला. त्याला सांगितलं की, पोरीचा गळा उतरलाय, ती मरेल पण बोलायची नाही. तिची आई जिथून गायची तिथून वाजव. ती जागा त्याला पक्की ठाऊक. लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्यानं जोसीला दर रविवारी चर्चमध्ये ऐकलंय.

तुझं पत्र नंतर आलं. मला आधीच कळलं होतं. लाइन तुटली नव्हती, पोरी. मी फोन ठेवला. तू हाक मारलीस आणि मला वाटलं, जोसी बोलतेय. ती गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस, तुला तो आवाज कुठला ठाऊक असायला? मला ठाऊक आहे ना. मग फोन वाजत राहिला आणि मी भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिले. उचलायची छाती झाली नाही. माफ कर.

खिडकीजवळची खुर्ची मी टॉलिव्हरबाईंच्या भाचीला दिली. आता ती तुझ्यासाठी रिकामी ठेवण्यात अर्थ नाही, आणि ते फार छान आहे.

येत्या रविवारी फोन कर. काय वाटेल ते बोल, घरमालकिणीचं गाऱ्हाणं सांग. मी मध्ये काही बोलले नाही तर लाइन तुटली असं समजू नकोस. बोलत राहा. मी ऐकत असेन.

तुझी आणि जोसीची,
बर्डीमावशी