पाटलाचं पाणी

जठारपेठ, अकोला
१२ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप दादांस,
धाकट्या जमुनाचा सा. न. वि. वि.

माझ्या शिवमने तुमचा पाटील काल दुपारी काचेच्या टाकीसकट सुखरूप आणून पोचवला. वीतभरही नाही हा क्रेफिश, झिंग्याचाच भाऊबंद, पण नांग्या उगारून असा बघतो की जणू मीच त्याच्या घरी राहायला आले. वहिनीने त्याचं नाव पाटील का ठेवलं ते आता कळलं. आपण आजवर झिंगे रश्श्यातच पाहिले. टाकीत बसून रुबाब करणारा हा पहिलाच.

तुम्ही बिनघोर मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या. महिनाभर पाण्यात हात घालायचा नाही म्हणता, तर पाटील इथे राहील. वहिनीने हाताने वाढवलेला तो एकच जीव तुमच्याकडे उरला आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्या दोन पानी सूचना भिंतीवर चिकटवल्या आहेत. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत ठेवून मग टाका, असं लिहिता. पण पाहुण्याला बादलीतलं पाणी द्यायची आपली रीत नाही. त्याला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी देते.

डोळा सांभाळा, आणि या धाकटीवर आहे ती माया कमी होऊ देऊ नका.

तुमची जमुना


अकोला
३० जानेवारी

तीर्थस्वरूप दादांस सा. न.

कसं लिहावं कळत नाही. पाटील काल गेला. कात टाकताना हे प्राणी कधी कधी दगावतात, असं तुम्हीच लिहिलं होतं, तसंच झालं. सकाळी कुशीवर पडलेला दिसला. मागच्या अंगणात मोगऱ्याखाली पुरला.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. खरं तर बोलायची हिंमतही नव्हती. रागावलात तरी चालेल, पण परकी समजू नका.

जमुना


अमरावती
६ फेब्रुवारी

चि. जमुनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा काही दोष नाही, दोष माझा आहे. कात टाकायच्या आधी तो खाणं सोडतो. पाठवायच्या दोन दिवस आधी त्याने गाजराला तोंड लावलं नव्हतं, ते मी पाहिलं होतं. तरी एसटीत अडीच तास हादरे खायला पाठवून दिला. रुख्मिणी असती तर त्याला घराबाहेर काढू दिला नसता.

आमची लेक चंदा माझ्यापाशी आहे, ती समजावते. पण दोन घासांवर जेवण जात नाही. रुख्मिणीच्या फोटोसमोर उभं राहायची लाज वाटते. डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून डॉक्टर काल चांगलेच रागावले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. या म्हाताऱ्या भावाची आठवण ठेव.

तुझा दादा, खुशालराव


अकोला
१२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादांस सा. न.

दादा, आधी पोटभर जेवा आणि मग हे वाचा. पाटलाने कात टाकलीच नव्हती. मी खोटं लिहिलं.

मी त्याला रोज तांब्याच्या गुंडातलं पाणी देत होते. रात्रभर ठेवलेलं, आई आपल्याला सकाळी उठल्या उठल्या पाजायची तसं. तो सुस्त झाला, तेव्हा अशक्तपणा असेल म्हणून मी आणखी एक लोटा टाकला.

तो मेला त्याच दिवशी शोभेचे मासे विकणाऱ्या नितेशला विचारलं. तो म्हणाला की मावशी, तांबं माणसाले चांगलं, पण याच्यासाठी जहर आहे, गुंडातलं पाणी कावून देऊन राहिल्या होत्या? म्हणजे तुम्हाला कातेचं लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि सख्ख्या भावाशी खोटं बोलले. तुम्ही माझं पाप डोक्यावर घेतलं नसतं, तर मी गप्पच राहिले असते. हेही लपवत नाही.

काय शिक्षा द्यायची ती द्या, फक्त माहेर तोडू नका.

जमुना


अमरावती
२० फेब्रुवारी

चि. जमुनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला. पाण्याचा नाही, खोट्याचा. मग माझं खोटं समोर येऊन बसलं.

ऑपरेशनसाठी पाटलाला हलवायची काही गरज नव्हती. चंदा महिनाभर इथे राहणारच होती, टाकीचं सगळं तिने केलं असतं. मलाच तो बघवत नव्हता. रुख्मिणी गेली त्या सकाळी घर माणसांनी भरलेलं, आणि हा रोजच्यासारखा दगडाखालून येऊन काचेपाशी खाणं मागत होता. त्या दिवसापासून टाकीकडे नजर गेली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. शिवमच्या हाती टाकी देताना मनात आलं, तिकडेच याचं काही बरंवाईट झालं तर सुटलो. तो गेल्याचं तू कळवलंस, तेव्हा आधी मला हलकं वाटलं. जेवण त्यानंतर जाईनासं झालं.

तू त्याला आपल्या पोटात जातं ते पाणी दिलंस. मी त्याला मरायला पाठवला होता. शिक्षा मागतेस, ती आधी मला दे.

हे वाचूनही माझ्यावर लोभ उरला असेल, तर तेवढं कळव.

दादा