खिडक्या कुणी बंद केल्या?

तीर्थरूप बाबा, इथूनच पाया पडते.

मी ठणठणीत आहे. हाताला थोडं भाजलंय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. आईला सांगू नका.

आमच्या लाँड्रीच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्यात. वाफेने जीव गुदमरतो. काल माझ्या शेजारी इस्त्री करणारी बाई चक्कर येऊन पडली, तिला सावरताना माझा हात इस्त्रीवर टेकला. तशीच तणतणत विचारायला गेले. मुकादम म्हणाला, "मॅनेजमेंटने बंद केल्या." साहेब म्हणाले, "वरच्या मॅनेजमेंटने." वर गेले, तर रिकाम्या खोलीत एसी चालू! बक्षिसं वाटताना हीच मॅनेजमेंट दात काढून फोटोत उभी असते. जाब विचारला की तिला ना तोंड, ना नाव!

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना?

मी इकडे निघाले, तेव्हा तुम्ही माझ्यासमोर उभं राहून म्हणालात, "जायचं नाही, हे मी म्हणतोय." नातेवाइकांच्या आड लपला नाहीत. तेव्हा फार राग आला होता. आता कळतं, निदान भांडायला समोर माणूस तरी होता.

उद्या खिळे उपटायला हातोडी घेऊन जातेय. खिडक्या कुणी उघडल्या असं विचारलं, तर मी माझं नाव सांगणार आहे.

तुमच्यावरच गेलेली,
धाकटी