नावानं हाक

पूर्णा, मंगळवार, संध्याकाळ

सुनेनं मोबाईलवर त्या तुर्की नटीची मुलाखत लावून दिली. आम्ही रोज बघतो त्या मालिकेत आजी झालीय ती. म्हातारी झाली, तरी अजून काम करते. म्हणाली, "रस्त्यात सगळे मला आजीच म्हणतात, प्रेमानं. पण नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही."

तेच मनात घोळतंय. मला घरात सगळे आई म्हणतात, जुने विद्यार्थी बाई म्हणतात. हे गेल्यापासून सुशीला कुणी म्हटलंय का?

शेवटी ताडकळसला कमलला फोन लावला. शाळेपासूनची मैत्रीण.

"सुशे, लय दिवसांनी गं. काही काम हाय का?"

"न्हाई. तू बोलत ऱ्हा."

ती लेकीच्या बाळंतपणाचं सांगायला लागली. मधेमधे 'सुशे' येत होतं. चहा निवला, तरी मी फोन ठेवला नाही.